योर्स ओबीडियंटली

शाळेतल्या सोनवणे सरांनी मला इंग्रजी शिकवलं नसतं, तर मीही वडिलांसारखा कडोदऱ्यात कापड विणायच्या लूमवर उभा असतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे, त्यात सरांवर राग नाही.

छोटे शेठ माझा अर्ज मोठ्याने वाचत होते. साड्यांच्या प्रोसेसिंग मिलचं ऑफिस, मी तिथे कारकून. सगळे जागेवर होते. छोटे शेठ माझ्याच वयाचे, परदेशात शिकून आलेले. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मला रजा हवी होती.

शेवटच्या ओळीवर ते थांबले.

"योर्स ओबीडियंटली! अरे, आ जुओ तो! हजी स्कूलमां छे के शुं?" म्हणजे, हा अजून शाळेतच आहे की काय?

मी म्हणालो, "सर, अर्जी में ऐसे ही लिखते हैं."

"अच्छा? ओबीडियंट? तो कान पकड."

मला मस्करी वाटली. मागून कोणीतरी म्हणालं, "पकड ले ना यार, छुट्टी मिल जाएगी."

मी कान धरले. उठाबशा काढल्या. किती, ते माहीत नाही. थांब म्हणाले तेव्हा थांबलो. शेठने मोबाइल माझ्यासमोर धरला होता. मी हसत होतो. होय, हसत होतो.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधलेले वडील म्हणाले, "शेठ भला मानूस शे. लगेच सुट्टी दिधी."

मी हो म्हणालो.

मग तो रिवाजच पडला. खाली साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका, माल उचलणारी माणसं, सगळ्यांचे अर्ज मी लिहून द्यायचो. शेठचा हुकूम होता: खाली ती ओळ हवी, आणि अर्ज आणणाऱ्याने कान धरायचे. सगळे धरायचे. रजा हवी असायची.

मी शोधून काढलं. ती ओळ शाळेतल्या मुलाने हेडमास्तरांना लिहायची. ऑफिसात 'योर्स फेथफुली'. शाळेतला नमुना मी जसाच्या तसा नोकरीत घेऊन आलो होतो. चूक माझी, असं वाटलं. चूक सुधारली की हे थांबेल, असंही वाटलं.

म्हणून रखमामावशींच्या अर्जाखाली मी बरोबर ओळ लिहिली. मावशी आमच्याच गल्लीतल्या. त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं.

"वो लाइन कहाँ है?" शेठने विचारलं.

"वो गलत थी, सर. सही ये है."

"सही-गलत तू बताएगा? चलो मावशी, कान पकडो."

मावशींचे हात वर गेले. माझ्या आईच्या वयाची बाई. तोंडावर हसू आधीच तयार. तेच हसू. माझं.

इंग्रजी बरोबर होतं. तरी कान धरायचेच होते.

मी मावशींचा हात खाली घेतला. "कोई नहीं पकडेगा," मी म्हणालो. "मैं भी नहीं."

मावशी रजेची वाट न बघता मुलीकडे गेल्या. मला 'कल से मत आना' सांगण्यात आलं.

रविवारी मी सोनवणे सरांना पत्र पाठवलं. ते असं:

"आदरणीय सर,

नोकरी गेली. दुसरी शोधतोय, काळजी करू नका. घरी बसवून, चहा पाजून तुम्ही मला इंग्रजी शिकवलंत. ते मरेपर्यंत विसरणार नाही.

पण सर, अर्ज शिकवताना खाली काय लिहायचं ते तुम्ही सांगितलंत. रजा मागणं हा माणसाचा हक्क आहे, हे सांगितलं नाहीत. आज्ञाधारक हा शब्द विसरणाऱ्याचा तुम्ही मार्क कापायचात. माझा कधीच कापला गेला नाही. मला त्याचा अभिमान होता.

यापुढे तो शब्द मी कुठल्याही कागदाखाली लिहिणार नाही. दुसऱ्या कोणाला लिहून देणार नाही. तुम्हाला लिहिलेल्या या पत्राखालीही नाही.

मार्क कापायचा तर कापा."