गोटीरामकाकांचे प्रतिसाद

शुभांगी लग्न होऊन म्हसरूळला आली ती टायपिंगच्या परीक्षा पास होऊनच. नवरा यादव नाशिक रोडला नोकरीला होता. त्याने तिला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि ती घरबसल्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवृत्त होणाऱ्या गुरुजींची मानपत्रं टाइप करून द्यायला लागली. पाच-सहा वर्षांत ती औपचारिक भाषा तिच्या अंगवळणीच पडली. दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तरी 'कृपया उद्या अर्धा लिटर जास्त द्यावे' असंच लिहून जायची.

तिचे सासरे गोटीराम जेजुरकर, घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे. गुलाब आणि शेवंतीचा मळा, पहाटे फुलबाजार, दुपारी जेवून ओट्यावर पडायचं, हा त्यांचा दिवस. माणूस मोठ्या आवाजाचा आणि तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाने फूल दाबून बघितलं तर "बाई, फूल हाय ते, वांगं नाय" असं म्हणायचे. बाईपण हसायची आणि फुलं घेऊन जायची.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला शुभांगीला इंटरनेटवर बागकामाची एक मराठी साइट सापडली. पुण्या-मुंबईचे लोक, काही अमेरिकेतले, आपापल्या कुंड्यांची दुखणी तिथं मांडायचे. एकाच्या गुलाबाची पानं काळ्या ठिपक्यांनी गळत होती. तिने सहज आबांना विचारलं.

"त्याला म्हणाव, झाडाच्या डोक्यावर पाणी कशाला ओततो? आंघोळ घालतो का काय? बुडाशी घाल. अन् ती ठिपक्याची पानं तोडून जाळ."

शुभांगीने लिहिलं, 'नमस्कार. पाणी पानांवर न घालता मुळाशी घालावे. बाधित पाने काढून नष्ट करावीत. आपल्या गुलाबास शुभेच्छा.' खाली नाव दिलं गोटीरामकाका.

दोन आठवड्यांनी त्या माणसाने नव्या पालवीचा फोटो लावला. मोतीबिंदूमुळे आबांना पडद्यावरची अक्षरं दिसत नसत, पण हिरवा रंग तेवढा दिसला. त्या दिवसापासून दुपारी जेवण झालं, की ते हात पुसत कॉम्प्युटरपाशी स्टूल ओढायचे. "शुभे, लाव तुझी पेटी. बघू कोणाचं काय मेलंय."

त्या साइटवर सगळ्या तऱ्हेचे लोक होते. कालच विचारलेला प्रश्न आज पुन्हा विचारणारे, दुसऱ्याच्या कढीपत्त्यावरच्या चर्चेच्या धाग्यात आपलं राजकारण घुसवणारे, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला येणारे. आबांना यातल्या कशाचंच काही वाटत नसे. बाजारात यापेक्षा जास्त त्रास, म्हणायचे. त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. लोक सल्ला घ्यायचे आणि गडप व्हायचे.

"आभार नको मला. पण झाड जगलं का मेलं, येवढं तरी सांगावं का नाय माणसानं?"

शुभांगी हे त्यांच्या वतीने लिहायची नाही. चारचौघांत असं मागणं तिला बरं दिसत नसे. तसंच, कुणी काकांच्या उत्तराला नाक मुरडलं तर ते वाचून दाखवताना ती गाळून टाकायची. इकडून जाणारं मऊ करायचं आणि तिकडून येणारंही मऊ करायचं. त्यात तिला काही गैर वाटलं नव्हतं. उलट आपण दोन्हीकडची मानमर्यादा सांभाळतो, असंच वाटायचं.

मग डोंबिवलीच्या सुमनबाईंचा सोनचाफा आला. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीतला चाफा पिवळा पडला होता. आबांनी सांगितलं, कुंडीतून काढा, वेटोळी झालेली मुळं छाटा, नव्या मातीत लावा. गुलाबाला ते असंच करत. सुमनबाईंनी तसं केलं आणि महिन्याभराने लिहिलं, 'काका, चाफा गेला. मुळं छाटल्यावर चार दिवसांत मान टाकली. तुमच्यावर राग नाही, पण कळवायला हवं म्हणून लिहिते.'

त्याच आठवड्यात गारपिटीने शेवंती झोपवली होती. आबा ओट्यावर बसून होते. सासूबाई मालनबाईंनी दोनदा चहा पुढे केला, त्यांनी घेतला नाही. शेवटी उठून ते कॉम्प्युटरपाशी आले.

"त्या मास्तरीणबाईंचं काय झालं? कळवलं का काही?"

शुभांगीने पडद्याकडे बघितलं. "हो आबा. जगला चाफा. नवी पानं आलीत म्हणे."

आबांचा चेहरा खुलला. "बघ. मी काय म्हणलं होतं?" मग त्यांनी चहा मागितला.

एवढंच झालं होतं. पण पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिला चाफ्याला कळी आणावी लागली, आणि नंतर फूल. आबा बाजारात सांगत सुटले, की डोंबिवलीला आपल्या सल्ल्याने चाफा फुलला. त्यानंतर साताऱ्याच्या एकाने चाफ्याबद्दल विचारलं, तर आबांनी ठामपणे तोच उपाय सांगितला. खरं सांगायची वेळ तीच होती. पण सांगायचं तर आधीची पानं, कळ्या, फुलं सगळंच परत घ्यावं लागलं असतं. तिने फक्त 'शक्य असल्यास' हे दोन शब्द आधी घातले आणि उत्तर पाठवून दिलं.

साताऱ्याचाही चाफा गेला.

तेव्हा 'स्पष्टवक्ता' या नावाने लिहिणाऱ्या एका सभासदाने धागा काढला. या काकांच्या सांगण्यावरून दोन झाडं मेली, तरी हे त्यावर एक अक्षर बोलत नाहीत. आणि काका खरे तरी आहेत का? मळ्यात राबणारा माणूस 'बाधित पाने नष्ट करावीत' असं लिहितो होय? ही डुप्लिकेट आयडी आहे. कुणीतरी पुस्तकातून उतरवून आपली करमणूक करून घेतंय.

खाली लोकांची रांग लागली. काही काकांच्या बाजूने, बरेचसे मजा बघायला आलेले. सुमनबाईंनी तेवढं लिहिलं, 'काकांनाच बोलू द्या.'

शुभांगीचे कान तापले. झाडांबद्दलचं खरं होतं, म्हणूनच ती जास्त चिडली असावी. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीही मऊ न करता लिहिलं. गोटीरामकाकांच्या नावाने तिने त्या माणसाची अक्कल काढली, त्याच्या घरच्यांचा उद्धार केला, त्याच्या कुंड्यांसकट तो वाळून जावा असंही लिहिलं. आबा कितीही फटकळ असले तरी असलं कधी बोलले नसते. संध्याकाळी साइटच्या चालकांनी गोटीरामकाकांचं खातं बंद केलं. नियम सगळ्यांना सारखे, एवढंच कळवलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी स्टूल ओढलं.

"ती साइट बंद पडली, आबा," ती म्हणाली.

"पडली? अन् माणसं कुठं गेली मग?"

ती पत्रिका टाइप करायला वळली. पुढे काही दिवस ते दुपारी खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. ती पत्रिका टाइप करत असलेली दिसली की परत फिरायचे.

त्या उन्हाळ्यात सुमनबाई भाचीच्या लग्नाला नाशिकला आल्या. काका फुलबाजारात कुठं बसतात, ते पूर्वी कधीतरी लिहिलेलं त्यांच्या लक्षात होतं. विचारत विचारत त्या पोचल्या. आबांना इतका आनंद झाला, की माल शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून ते बाईंना रिक्षाने घरी घेऊन आले.

"शुभे, चहा टाक. बघ कोण आलंय. चाफावाल्या मास्तरीणबाई." आणि बाईंकडे वळून म्हणाले, "आता केवढा झालाय चाफा?"

सुमनबाई गोंधळल्या. "काका, तो गेला ना. मी तेव्हाच लिहिलं होतं."

शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात पातेलं घेऊन उभी होती. आबांनी तिच्याकडे बघितलं. मग बाईंना एकेक विचारत गेले. कधी गेला, कसा गेला, साताऱ्याचं काय झालं, साइट चालू आहे का. बाईंनी खरं ते सांगितलं. शिव्यांचं सांगताना त्या अडखळल्या. "तुम्ही तसे वाटत नाही, काका," एवढंच म्हणाल्या.

आबांनी मान डोलावली. शुभांगीचं नाव त्यांनी घेतलं नाही. बाईंना गुलाबाचं मोठं पुडकं बांधून दिलं, रस्त्यापर्यंत सोडून आले.

ते परत आल्यावर शुभांगी पाया पडायला वाकली. "आबा, चुकलं माझं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मेलं म्हणून कळलं असतं, तर मी इचार केला असता," ते हळू आवाजात म्हणाले. "चाफ्याची मुळं दुखवायची नसतात, हे दुसरं झाड मारायच्या आधी कळलं असतं. माझ्या नावावर दोन झाडं गेली. अन् त्या माणसाला वाईट बोललेलंही माझ्याच नावावर."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मात्र ते तिच्याशी अदबीने बोलायला लागले. "शुभांगीबाई, जरा पाणी देता का?" मालनबाईंना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. यादवला वाटलं, आबा आता निवळले. शुभांगी पाणी ठेवून लगेच आत निघून जायची.

तिने आपल्या खऱ्या नावाने साइटवर सगळं लिहून काढलं, कुठलीही सजावट न करता. 'स्पष्टवक्ता'ची माफी मागितली. त्याने 'ठीक आहे' असं उत्तर दिलं. चालकांनी जुनं खातं पुन्हा उघडून दिलं. पण तिचा धागा दोन दिवसांत खाली गेला, लोक आंब्याच्या मोहोराबद्दल बोलत होते.

खातं उघडलं त्या दुपारी ती स्टूल घेऊन ओट्यावर गेली. "आबा, नेवाशाच्या एका बाईचा गुलाब फुलत नाही. तुम्ही सांगा, मी जसंच्या तसं लिहीन. एक शब्द बदलणार नाही."

आबांनी डोळ्यांवरचा हात काढला, तिच्याकडे बघून थोडं हसले.

"राहू द्या. तुम्हीच लिहा काहीतरी. तुम्हाला चांगलं लिहिता येतं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.