मिरची कुटण्याआधी

जुन्या जालन्यात आमची गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या घरात उंबऱ्यावरूनच वाटी देता यायची. शेजारच्या काकू मिरची कुटण्याआधी घराघराला नावानं हाका मारायच्या, "मिरची कुटते गं, दारं लावा जल्दी!" शेवटचं दार लागेपर्यंत मुसळ धरून थांबायच्या. उशीर करणारीला शिव्या ठरलेल्या.

निजामाच्या शेवटच्या वर्षी रझाकारांच्या धास्तीनं सारी गल्ली सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात गेली. आमचं आणि काकूंचं, दोनच घरं राहिली. एका सकाळी पुन्हा त्याच हाका, घराघराच्या नावानं.

"काकू, कोण हाय आता इथं?" मी विचारलं.

"मला दिसत न्हाई का?" त्या खेकसल्या. "तू तुझं दार लाव."

मी फटीतून पाहत राहिले. कुलपं लागलेल्या दारांसमोर काकू नेहमीएवढ्याच थांबल्या, आणि मगच त्यांनी मुसळ उचललं.