दंडावरचा पट्टा

शिंदखेड्याच्या दवाखान्यात दर महिन्याला बीपी तपासायला जातो, तेव्हा एक अक्का रांगेत हटकून माझ्या पुढे असते. नाव मी कधी विचारलं नाही. खुर्चीत बसण्याआधीच ती पोलक्याची बाही वर सरकवते.

एकदा विचारलं, "अक्का, काही त्रास होतो का?"

"माले काहीच दुखत नही, भाऊ. आमना मालकसलेबी दुखत नव्हतं. कधी बीपी तपासंच नही. एक दिन चहा पेता पेता डोकानी नस फुटनी, गयात."

मग हळूच म्हणाली, "हाऊ पट्टा दंड आवळस ना, तवय वाटस, त्यासनीच हात धरेल शे."

तिचा नंबर लागला. आकडा बरा आला. नर्सने पट्टा सोडला, "झालं आजी" म्हणाली.

अक्काने मान हलवली, पण टेबलावरचा हात उचलला नाही.