चिकटवलेला बाक

सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी मी प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून आमची नेरूळची अख्खी इमारत उभी केली. पन्नाशीतली बाई ठोकळे खेळते, याचं घरात आता कुणाला काही वाटत नव्हतं. सेक्रेटरींनी ती इमारत लिफ्टजवळच्या टेबलावर मांडली आणि कटकट सुरू झाली. येणारा-जाणारा हात लावायचाच. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी माझेच ठोकळे वापरून आपली गॅलरी बंद करून घेतली. कुणीतरी गच्चीवर खोली चढवली. एके सकाळी सेक्रेटरींच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच कुणाची ठोकळ्यांची लाल गाडी उभी दिसली, तेव्हा ते तडक आमच्या घरी आले.

“मॅडम, सगळं चिकटवून टाका. कायमचं.”

माझं तोंड उतरलं. मोडायचं आणि पुन्हा जोडायचं, हीच तर ठोकळ्यांची गंमत. ते गेल्यावर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. त्या जवळच्याच जासई गावच्या, बोलणं अजून तिकडचंच.

“चिकटवाचाच हाय ना? मंग आपला बाक पन चिकटव.”

गेटजवळच्या झाडाखाली बायका बसायच्या तो बाक सेक्रेटरींनी ‘गोंगाट होतो’ म्हणून काढून टाकला होता.

मी इमारत घरी आणली, तिच्या गेटजवळ तपकिरी ठोकळ्यांचा बाक केला आणि खिडक्या उघडून ब्रशने सांध्यासांध्यात गोंद सोडला. हा गोंद प्लास्टिकच विरघळवून जोडतो. वास असा की डोकं गरगरावं. सासूबाई नाकाला पदर लावून देखरेख करत होत्या. बाकाची पाळी आली तशा म्हणाल्या, “जरा जास्ती लाव.”

कार्यक्रमाच्या दिवशी सेक्रेटरींना तो दिसलाच. “हा बाक कुठून आला?”

“चिकटला,” सासूबाई गरीब चेहऱ्याने म्हणाल्या.

सेक्रेटरींनी तो नखाने खरवडला, किल्लीने उचकटला. बाक हलेना, अख्खी इमारत मात्र टेबलावर सरकली. तोवर बायका जमल्या होत्या.

“अय्या, बाक परत येतोय?” तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं. सगळ्या सेक्रेटरींकडेच बघत होत्या.

“विचार चालू आहे,” सेक्रेटरी कसेबसे म्हणाले.

बाक खरोखरच आला. पण पाठ नसलेला. माझ्याकडचे तपकिरी ठोकळे संपले होते, म्हणून मी पाठ केलीच नव्हती. सासूबाई कंबर धरून तक्रार घेऊन गेल्या, तर सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, “आजी, मॉडेलमध्ये आहे अगदी तस्साच करून घेतलाय.”

संध्याकाळी बघते तर झाडाच्या बुंध्यापाशी घरातली प्लास्टिकची खुर्ची टाकून सासूबाई ऐसपैस बसलेल्या, आणि पाय नव्या बाकावर.