लाल कोठी आणि भिकन गवंड्याचा फेटा

जळगावात कापसाच्या पेठेमागे लाल कोठी आहे. जिनिंगच्या कुण्या इंग्रज साहेबानं शंभरावर वर्षांपूर्वी ती बांधली, ती थेट आपल्या विलायतेतल्या गावच्या घरासारखी. दोन मजली, अरुंद, नुसत्या विटांची. बर्फ घसरून जावा म्हणून छप्पर उतरतं. खिडक्यांच्या काचा वर सरकतात. बैठकीत शेकोटी, तिला धुराडं. जळगावात शेकोटी! साहेब वैशाखात तिच्यासमोर बसून घाम पुसत असणार. पुढे आताचे मालक हस्तीमल शेठ यांच्या आजोबांनी कोठी घेतली आणि शेकोटीत लोणच्याच्या बरण्या आल्या.

भिकन गवंड्याचा या घरावर पोरवयापासून जीव. आता सत्तरी आली, तरी सकाळी गल्लीतल्या ओट्यावर तो घटकाभर टेकतोच. समोरच्या भिंतीतल्या विटांची मांडणी बघत राहतो: एक वीट लांबीनं, शेजारची टोकानं, वरच्या थरात त्याच्या उलट. बघता बघता त्याचे डोळे जड होतात. मग त्याला वाटतं, हे घर उभ्यानंच झोपलंय आणि आपल्या गावचं धुकं स्वप्नात बघतंय. बायको दीपमाला म्हणते, "घर नई, तूच झोपेल शे."

ओटा कोठीच्या बाजूला आहे. समोरून बघायला भिकन जात नाही, त्याला कारण आहे.

पस्तीस वर्षांपूर्वी शेठच्या वडिलांना दर्शनी भिंत गुळगुळीत हवीशी झाली. सिमेंटची तेव्हा भारी हौस. भिकनचा हात सफाईदार. त्यानं आरशासारखा गिलावा चढवला. मोठ्या शेठनी खूश होऊन चारचौघांत त्याला फेटा बांधला. त्या फेट्यानं भिकनचं नाव झालं. जामनेरपर्यंतची कामं आली, दोन्ही पोरी चांगल्या घरी पडल्या.

पुढे जामनेरलाच त्याच्या हातचा असाच गिलावा फुगला, तेव्हा त्याला उमगलं. चुन्यात बांधलेली वीट ओल पिते आणि उन्हात सोडून देते. आपण सिमेंटनं कोठीचं तोंडच बांधलं, ओल आतच कोंडली. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत वर्षं काढली.

यंदा भिंतीला लोणा लागला, पांढरं मीठ फुटलं, पोपडे सुटले. लीलाधर इंजिनिअरनं निकाल दिला की विटा कुजल्यात, सोमवारी भिंत पाडू. हस्तीमल शेठनी भिकनला बोलावलं.

"नाना, काम तुमच्या हातचं. तुम्ही म्हणाल तसं. पाडू ना?"

भिकननं भिंतीला तळवा लावला. ओला गारवा दंडापर्यंत चढला. डोळे मिटले तर वाटलं, आत कुणीतरी हळूच कूस बदलली. नुसती मान हलवली असती तरी भिंतीबरोबर चूकही मलब्यात गेली असती. नाव शाबूत राहिलं असतं. "सांजले सांगस," एवढंच म्हणून तो घरी गेला.

संध्याकाळी तो पेटीतला फेटा घेऊन आला आणि शेठपुढे ठेवला.

"शेठ, इटा चांगल्या शेतस. दोष सिमेटना शे, आनि ते सिमेट मना हातनं शे. हाऊ फेटा मना नई."

शेठनी फेट्यावर नजर टाकली. मग म्हणाले, "इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"फेटानी बोलू दिधं नई."

शेठनी फेटा उचलून शेकोटीत बरण्यांमागे ठेवला. "सोमवारी या," ते म्हणाले. "पाडायला नाही. सोलायला."

दोन महिने भिकन हलक्या हातानं सिमेंट खरवडत होता. खालून एकेक वीट उघडी पडत गेली. काही फुटल्या होत्या, त्या बदलल्या. उन्हं खाऊन भिंत सुकली. मग चुना, विटेचा चुरा आणि गुळाचं पाणी मळून त्यानं विटांमधल्या फटी भरल्या. चुना भरायची करणी दुसऱ्या कुणाला हातात घेऊ देईना. त्या महिन्यांत तो फार सुखी होता.

काम संपलं त्या दिवशी शेठनी फेटा बाहेर आणला. त्याला लोणच्याचा वास येत होता. भिकन दोन पावलं मागे सरला, पण शेठ ऐकेनात. चारचौघं नव्हते, दोघंच अंगणात. शेठना फेटा नीट बांधता येईना, एका कानावर घसरला.

पहिल्या वेळी फेटा चढल्याबरोबर भिकन आरसा शोधत धावला होता. या वेळी त्यानं समोरच्या भिंतीवर तळवा ठेवला. ती कोरडी होती.