हवं आणि हवंच

इस्मेनिया ओयार्सून एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवायचीसुद्धा उभ्या उभ्या, एका हातात पाव घेऊन. संगणकासमोर बसली तरी टेबलाखाली तिचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत असे. चिलीतल्या वालपराइसो शहरातल्या आमच्या टेकडीवर वाढलेली पोर. राजधानीत जाऊन संगणकाचं शिकली, नोकऱ्या धरल्या, सोडल्या, आणि आईच्या आजारपणात परत आली ती इथेच राहिली.

त्या फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, टेकडीला आग लागली. दुपारी खालच्या घळीतलं निलगिरीचं रान पेटलं आणि दक्षिणेच्या वाऱ्यावर संध्याकाळपर्यंत आग आमच्या पत्र्यांवर आली. ज्यांची घरं गेली ती माणसं शाळेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून राहिली. आमच्या रहिवासी संघाने शहरभर सांगितलं, कुणाकडे रिकामी खोली असेल तर कळवा. खोल्या भराभर आल्या. मी फोन घ्यायचे आणि इस्मेनिया संगणकात भरायची.

पण सुरुवातीला नुसता गोंधळ. खोली विचारली की यंत्र सगळ्यांना तीच यादी त्याच क्रमाने दाखवायचं. मग जो तो पहिल्या घराकडे धावायचा. त्या घरमालकाने शेवटी दाराला आतून कडी घातली. तीन लेकरांची आई एका खाटेच्या खोलीच्या दारात जाऊन रडत परत आली.

"सगळ्यांना एकच उत्तर देऊन कसं चालेल?" इस्मेनिया चिडून म्हणाली. "विचारणारं माणूस वेगळं, तर उत्तर वेगळं नको?"

ती कामाला लागली. आता आलेल्या प्रत्येकाला ती आधी विचारायची, तुम्हाला कसं घर आवडेल? सांगितलेलं सगळं यंत्र लक्षात ठेवायचं आणि त्या माणसाला त्याच्या आवडीच्याच खोल्या दाखवायचं. हॉलमधल्या गाद्या कमी होऊ लागल्या. लोक तिला दुवा देत. तिचा पाय मात्र टेबलाखाली हलतच होता.

एदुविहेस नावाची एक बाई रोज सकाळी यायची; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात, म्हणून ती दोन्या एदुविहेस. सत्तरी उलटलेली विधवा बाई. घराची राख झाली होती, पण ओठांना लाली लावल्याशिवाय बाहेर पडायची नाही. बरोबर एका डोळ्याचा कुत्रा. आम्ही त्याला काण्या म्हणायचो.

"खिडकीतून समुद्र दिसायला हवा?" इस्मेनियाने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"हवा की! जन्मभर तोच बघत आलेय."

"तळमजला?"

"गुडघे कुरकुरतात गं. बरं पडेल."

"स्वतःचं स्वयंपाकघर? आणि हा कुत्रा?"

"स्वयंपाकघर मिळालं तर बहारच. आणि काण्या तर येणारच."

इस्मेनियाने सगळं भरलं. पडद्यावर आलं, एकही खोली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. "उद्या या, दोन्या एदुविहेस, नव्या खोल्या येताहेत," असं इस्मेनिया म्हणायची. मग एक दिवस बाई आलीच नाही.

तिच्या शेजारच्या गादीवरची मार्गोत सांगायला आली. "ती वर जाऊन बसलीय. आपल्या जळक्या जागेवर, ताडपत्री बांधून. म्हणते, यंत्रालासुद्धा मी नकोशी झाले."

इस्मेनिया खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली आणि यंत्रात काहीतरी शोधू लागली. थोड्या वेळाने तिचा चेहरा उतरला. असा कोरा पडदा पाहून गेलेली एकटी दोन्या एदुविहेस नव्हती. अशी बरीच माणसं होती, आणि ती गुपचूप येणं बंद करून गेली होती.

"चल," ती मला म्हणाली. मी फोन तसाच वाजता ठेवून तिच्यामागे चढ चढले. वर अजून काजळीचा वास होता. पत्र्याच्या एका तुकड्यावर बसून बाई कुत्र्याला शिळा पाव भरवत होती.

"मिळाली का खोली?" तिने वर न बघताच विचारलं.

"दोन्या एदुविहेस, तुम्ही समुद्र हवा म्हणालात..."

"तू विचारलंस म्हणून सांगितलं! आवडतं काय विचारलंस, तर काय खोटं बोलू? हवा म्हटलं गं पोरी, हवाच कुठे म्हटलं?"

इस्मेनिया तिच्यासमोर उकिडवी बसली. तिने विचारलं, "मग आधी काय सोडाल?"

"समुद्र. मी नाही बघितलं म्हणून तो आटणार नाहीये."

"मग?"

"स्वयंपाकघर. आणि मग... गुडघे काय, चढतील रडतखडत."

"आणि काण्या?"

"त्याला सोडायचं असतं तर आगीतच सोडला असता."

उतरताना इस्मेनिया जवळजवळ पळतच होती. "मी त्यांच्या आवडींची कुंपणं केली," ती स्वतःशीच पुटपुटत होती. तिने यंत्राला नव्याने शिकवलं. ज्याशिवाय चालणारच नाही ते वेगळं, असलं तर बरं ते वेगळं. सगळं जुळलं नाही तर यंत्र कोरा पडदा दाखवणार नाही. जास्तीत जास्त जुळणारं घर आधी दाखवेल, आणि त्यात काय उणं आहे तेही सांगेल.

दोन्या एदुविहेसला काण्यासकट शहराच्या प्लाया आंचा भागात खोली मिळाली. घरमालक व्हेन्सेस्लाव, निवृत्त ट्रॉलीबस चालक. खोली माडीवर, खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. स्वयंपाकघरावरून दोघांची रोज जुंपायची. "ही बाई माझ्या पातेल्यांना नावं ठेवते!" म्हणून तो आमच्याकडे फोन करायचा. तरी तिने हिवाळा तिथेच काढला आणि वसंतात टेकडीवर लाकडाचं नवं घर उभारायला घेतलं.

बाकीच्यांना इस्मेनियाने एकेक करून स्वतः फोन केले. बहुतेक जण सापडले, परत आले. बाजारात हमाली करणारा होरासियो तेवढा सापडला नाही. दक्षिणेला भावाकडे गेला, असं कुणीतरी म्हणालं. भाऊ कुठल्या गावात राहतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी बंदराजवळ एक खोली निघाली होती, ती इस्मेनियाने बरेच दिवस दुसऱ्या कुणाला दिली नाही. कामाच्या मध्येच उठायची, त्याचा नंबर फिरवायची आणि फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत राहायची.