आमच्या साडूंची बॅटरी

बॅटरी तपासून तपासून मारणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान धुळ्याला देवपुरात राहत. दारात त्यांची एक जुनी, काळी, फुगीर मोटार उभी असे. ती धावताना मी क्वचितच पाहिली. तपासली जाताना मात्र दर मुक्कामी पाहिली. सकाळी देवपूजा आटोपली की साडू मोटारीत बसत. आधी हॉर्न वाजवायचा. मग समोरच्या भिंतीवर दिव्यांचा झोत टाकायचा आणि झोत चालू असतानाच सेल्फ मारायचा. दिवे पिवळे पडले तर बॅटरी खंगली, नाही पडले तर अजून दम आहे. खात्रीसाठी हेच पुन्हा दोनदा. "कालच्यापेक्षा आज उजेड जरा मंदच वाटतो, साडूभाऊ," ते काळजीने म्हणत. मंद होईल नाहीतर काय! गाडी महिना महिना जागची हलत नसे आणि रोज तीनदा हा सोहळा. रोज पेलाभर रक्त काढून घ्यायचे आणि मग माणूस फिका का पडला म्हणून विचारायचे, त्यातली गत. मी एकदा तसे सांगूनही पाहिले. "मग तपासायचं नाही? आणि ऐन वेळी दगा दिला म्हणजे?" असे म्हणून त्यांनी माझ्यादेखत चौथ्यांदा सेल्फ मारला.

त्यांच्याकडे एक काचेची नळी होती. एका टोकाला रबरी फुगा, पोटात तरंगणारी काडी. बॅटरीच्या सहा बुचांपैकी एकेक उघडायचे, फुगा दाबून आतले आम्लाचे पाणी नळीत ओढायचे आणि काडी किती वर तरंगते ते बघायचे. काडी वर आली तर सेल धडधाकट, बुडाली तर सेल गेला. या पाण्याचे थेंब उडून त्यांच्या एकूण एक सदऱ्यांना भोके पडली होती, आणि ती भोके धुतल्यावरच दिसत, त्यामुळे मेहुणीबाईंचा धोब्यावर कायमचा राग. बॅटरीच्या टोकांवर धरलेली पांढरी बुरशी धुवायला साडूंना खायचा सोडा लागे. त्यांच्या घरची भजी कधी फुगली नाहीत ती यामुळेच. गावातल्या बॅटरीवाल्याकडे जाऊन ते विक्रीला मांडलेल्या बॅटऱ्यांतही नळी बुडवत, आणि भर गिऱ्हाइकांत जाहीर करत, "हिना तिसरा सेल मरेल शे!" एरवी त्यांची भाषा शहरी, पण सेल मेला की ते अहिराणीत शिरत. शेवटी बॅटरीवाल्याने हात जोडून त्यांना दुकानाची पायरी बंद केली, आणि साडूही असे मानी, की मरेन पण तिथे जाणार नाही म्हणाले.

माणसांचीही ते अशीच परीक्षा करीत. त्यांची एकुलती एक मुलगी कुमुद हिला मुंबईचे स्थळ आले तेव्हा मुलाचा पगार मेहुणीबाईंनी विचारला. साडूंनी मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन विचारले, "सकाळी पहिल्या हाकेला उठतो, की नुसता कट्‌कट् करतो?" पहिल्या हाकेला उठतो, असे कळल्यावर त्यांनी मुलाचे डोळे उजेडात पाहिले, आवाज ऐकला आणि आत येऊन सांगितले, "चांगला आहे. चार्ज धरून ठेवणारा आहे." लग्न ठरले.

लग्नाच्या आठवडाभर आधी मला जळगावला त्यांचे कार्ड आले. "कुमुदला चाळीसगावच्या स्टेशनापर्यंत मी स्वतः गाडीने पोचवणार आहे. पस्तीस मैल का होईना, पोरगी माझ्याजवळ बसेल. मग काय, मुंबईचीच झाली. तरी येताना एक चांगली बॅटरी आणावी. आमची आता फार दिवस काढत नाही." मी कार्ड दोनदा वाचले. म्हटले, लग्नघर आहे, दिवे केव्हा जातील नेम नाही. आणि बाजारातून उत्तमपैकी तीन सेलची, निकेलची, लांबलचक बॅटरी घेतली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी ती मोठ्या ऐटीत साडूंच्या हातावर ठेवली.

"हाई काय शे?" ते म्हणाले.

"बॅटरी. तुम्हीच लिहिलं होतं ना?"

साडूंनी एकदा दारातल्या मोटारीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी ती सवयीने भिंतीवर तीनदा लावून पाहिली. "उजेड चांगला आहे," ते म्हणाले. एका शब्दाने मला बोलले नाहीत, पण माझा चेहरा पार उतरला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या जिवाला थारा नव्हता. गाडीतली बॅटरी एवढा दिवस काढील ना, या काळजीने त्यांनी मुहूर्तापूर्वीच तिला सात वेळा तपासले. अक्षता पडल्यावर आणखी एकदा.

दुपारी कुमुद पुढे बसली, जावई मागे बसले. साडूंनी देवाचे नाव घेऊन सेल्फ मारला. कट्. पुन्हा मारला. कट् सुद्धा नाही. व्याह्यांनी घड्याळ काढले. मग वऱ्हाडाने धक्का सुरू केला. फेटे सुटले, गाडीला काही दया येईना. "जोर कमी पडतो आहे," म्हणून साडू खाली उतरले. ऑफिसच्या जीपवर जेमतेम शिकलेल्या मला त्यांनी चाकावर बसवले आणि धोतर खोचून स्वतः मागे गेले. इंजिन लागले की मी उतरायचे, त्यांनी बसायचे, असे ठरले होते. पांझरा नदीच्या पुलाच्या उतारावर इंजिन खोकले आणि एकदम धडधडू लागले. मी ब्रेककडे पाय नेला, तोच ते कुमुदच्या खिडकीशी धावत आले.

"साडूभाऊ, थांबू नका! हळू केली तर बंद पडेल. वेळ नाही, गाडी चुकेल पोरांची!"

"नाना, तुम्ही बसा ना!" कुमुदने त्यांचा हात धरला. ते तसेच दहा-वीस पावले दाराबरोबर धावले. मग त्यांनीच हात सोडवून घेतला. "पोचल्याचं पत्र टाक गं!" एवढे मला ऐकू आले.

आरशात पाहिले, तर ते पुलाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे होते. मी थांबलो नाही. मी थांबायला हवे होते, असे आता या वयात फार वाटते. आगगाड्या काय, दुसऱ्याही असतात. कुमुद चाळीसगाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत होती, आणि तिच्या शेजारी, तिच्या बापाच्या जागेवर, मी बसलो होतो.